लाल दिवा लागल्यावर
लहरी आपल्या गावाच्या : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण मुलाखत ध्वनिमुद्रित करून तिची काटछाट कशी करायची ते पाहिलं. तिथे चूक पुसता येते. आजचा विषय थेट प्रसारणाचा. इथे बोललेला शब्द त्याच क्षणी कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या गोठ्यात जाऊन पोचलेला असतो.

आपल्या देशात सामुदायिक रेडिओचं दार किलकिलं झालं तेही एका थेट प्रक्षेपणावरच्या भांडणामुळे. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने हिरो कपच्या सामन्यांचे हक्क परदेशी कंपनीला दिले. १८८५ सालच्या तार कायद्यावर बोट ठेवून सरकारने हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी निकालपत्रात स्पष्ट केलं. हा निकाल मराठी माणसाच्या लेखणीतून उतरला, याचा मला फार अभिमान वाटतो. तरीही २००२ च्या धोरणाने परवानगी दिली ती फक्त शिक्षणसंस्थांना. स्वयंसेवी संस्थांना नोव्हेंबर २००६ पर्यंत थांबावं लागलं. मग २००८ मध्ये तेव्हाच्या आंध्रात, आजच्या तेलंगणात, माचनूरला दलित स्त्रियांचा संघम रेडिओ सुरू झाला. त्याच वर्षी आपल्या साताऱ्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी बोलू लागली.

२००६ च्या धोरणाने या केंद्रांना १०० वॅट शक्तीची आणि ३० मीटर उंच मनोऱ्याची मर्यादा घातली. मैदानी मुलखात एवढ्यावर आवाज दहा-बारा किलोमीटर जातो, मधे डोंगर आला की कमी. पहिल्या दिवशी शिकाऊ मुलं हा आकडा ऐकून हिरमुसतात. मी त्यांना सांगते, थेट प्रसारणाचं सगळं शिक्षण या आकड्यात आहे. दहा-बारा किलोमीटरमध्ये माणूस नुसत्या खोकण्यावरून ओळखू येतो. आज फोनवर जो बोलेल, त्याला उद्या आठवडी बाजारात त्याच श्रोत्यांसमोर उभं राहायचं आहे. मुंबईच्या मोठ्या वाहिनीवर फोन करणारा गर्दीत मिसळून जातो. इथे तशी गर्दी नाही, त्यामुळे निर्मात्याने त्या माणसाची आधी काळजी घ्यायची आणि कार्यक्रमाची मग.

पण काळजी घ्यायला डोकं मोकळं लागतं, आणि डोकं मोकळं राहतं ते हात सवयीने चालले तरच. म्हणून आधी हातांची तयारी. माइक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. मराठीत फ आणि भ फार. शेतीच्या कार्यक्रमात तर ‘फवारणी’ आणि ‘भुईमूग’ दर वाक्यात येतात, आणि समोरासमोर धरलेल्या माइकवर त्यांचे धक्के बसतात. डिजिटल मीटरवर शून्य म्हणजे भिंत. आवाज तिच्यावर आपटला की फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. बोलणं भिंतीपासून बरंच खाली ठेवायचं, म्हणजे पाहुणा अचानक हसला तरी जागा उरते. हेडफोन कानावरून उतरवायचा नाही.

नव्यांना सर्वांत जड जातं ते वेळ उलटी मोजणं. समजा, साडेसातला आकाशवाणीच्या बातम्या जोडायच्या आहेत आणि शेवटचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं आहे. मग ते ७ वाजून २६ मिनिटं २० सेकंदांनी लागलंच पाहिजे. त्याआधी निरोपाचं अर्धं मिनिट, म्हणजे पाहुण्याला २५ मिनिटं ५० सेकंदांपर्यंत आवरायला लावायचं. हे सगळं कागदावर, ठळक आकड्यांत, काचेजवळ. निवेदकाला काचेपलीकडून खुणा करायच्या: बोट गोल फिरवलं की आवरा, दोन्ही हात ताणले की लांबवा. महिनाभरात हे अंगवळणी पडतं.

व्हिडिओबद्दल थोडक्यात, कारण पुढचा एक भाग त्याच्यासाठीच राखून ठेवला आहे. अलीकडे प्रत्येक केंद्राला जत्रा, ग्रामसभा, कुस्तीचा फड मोबाइलवरून थेट दाखवावासा वाटतो, आणि ते योग्यच आहे. मात्र इंटरनेटची चाचणी सकाळी मोकळ्या मैदानात घेऊन समाधान मानू नका. दुपारी तिथे हजारो मोबाइल एकाच टॉवरला लटकतात आणि तुमचं चित्र गोठतं. आदल्या वर्षीच्या जत्रेत, ऐन गर्दीत, जाऊन मोजता आलं तर उत्तम. चित्र ३ एमबीपीएसने पाठवायचं असेल तर अपलोडचा वेग निदान दुप्पट हवा, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम खिशात. अस्पष्ट चित्र लोक सहन करतात, अस्पष्ट आवाज सहन करत नाहीत. शिवाय मिक्सरमधून येणारा आवाज कॅमेऱ्याच्या चित्राआधी पोचतो आणि ओठ मागे पडतात. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची आणि हात जुळताना दिसतात त्याच क्षणी टाळी ऐकू येईपर्यंत आवाज थोडा थोडा उशिरा करत जायचा. ओबीएससारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

आता फोनकडे. सामुदायिक रेडिओचा जीव फोनमध्ये आहे असं मी मानते. फोन करणाऱ्याला स्टुडिओतलं सगळं ऐकू गेलं पाहिजे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून. तो परत गेला तर माणूस अडखळतो. म्हणून फोनकडे जाणाऱ्या वाटेवरून त्याचाच आवाज वजा करायचा, ही मिक्सरवरची पहिली जोडणी. त्याच्या घरात आपला रेडिओ चालू असेल तर शिट्टी घुमते. तो आपल्याला इंटरनेटवर ऐकत असेल तर स्वतःचं वाक्य त्याला कितीतरी सेकंदांनी मागून ऐकू येतं. दोन्हींवर उपाय एकच: ‘आधी रेडिओ बंद करा, काका.’

हे वाक्य हवेवर जाण्याआधी सांगायचं असतं. फोन उचलला की लगेच फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, वर नाही. आधी मिनिटभर साधं बोलणं. कोणत्या नावाने हाक मारू? गावाचं नाव घेऊ की नको? प्रश्न काय आहे? बोलताना शेजाऱ्यापाजाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हेही तेव्हाच सांगायचं. हे मिनिट वाचवणारी केंद्रं मी पाहिली आहेत. त्याची किंमत नेहमी फोन करणाऱ्याने मोजली.

एका केंद्रावर मी शिकवत होते. स्त्रियांच्या आरोग्याचा थेट कार्यक्रम, समोर डॉक्टरीणबाई, मिक्सरवर एकोणीस-वीस वर्षांची एक शिकाऊ मुलगी. चौथा फोन. अशक्तपणाबद्दल विचारायचं आहे, असं फोन करणाऱ्या बाईंनी आधी सांगितलं होतं. हवेवर आल्यावर त्या नीट बोलल्या, हिमोग्लोबिन किती निघालं ते सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवण वेळेवर होतं का? बाई थांबल्या. मग म्हणाल्या, ‘जेवण कसलं ताई, घरात...’ आणि आवाज बदलला.

मी मागे उभी होते, मला काही करायची वेळच आली नाही. त्या मुलीचं बोट फोनच्या फेडरवर होतंच. ‘घरात’ नंतरच्या श्वासालाच तिने तो सरसर खाली आणला, झटका दिला नाही. दुसऱ्या हाताने काचेपलीकडे गोल खूण केली. निवेदिका शांतपणे म्हणाली, ‘ताई, फोन ठेवू नका, आपण निवांत बोलू,’ आणि ओवी लागली. हवेवर ओवी चालू असताना मुलगी हेडफोनवर त्या बाईंशी बोलत होती, हळू, एकेक शब्द. एकामागून एक तीन गाणी तिने लावली. मिक्सरला चिकटवलेल्या कागदावरचा १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक बाईंना दोनदा म्हणून दाखवला आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतला.

प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम केंद्राला तीन महिने जपून ठेवावा लागतो, सोबत नोंदवही. कार्यक्रम संपल्यावर मी त्या दिवसाचं पान पाहिलं. पहिल्या तीन फोनांपुढे नाव, गाव, प्रश्न असं सगळं होतं. चौथ्यापुढे तिने फक्त वेळ लिहिली होती, आणि ‘अशक्तपणा’.