मळा बेकात, तळघर गझीरला

लेबनॉनमधल्या शातो मुझार या वायनरीचे मळे आणि तिची तळघरं यांच्यामध्ये एक अख्खी डोंगररांग उभी आहे. मळे बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर. वायनरी मात्र बैरूतच्या उत्तरेला, भूमध्य समुद्राकडे तोंड करून बसलेल्या गझीर गावात. तोडलेली द्राक्षं ट्रकात चढतात, सुमारे दीड हजार मीटर उंचीचा दहर अल-बैदरचा घाट ओलांडतात आणि मग किनाऱ्याकडे उतरतात. सगळं सुरळीत असेल तर हे काही तासांचं काम. तरी वायनरी काढणारा कोणताही शहाणा माणूस ती मळ्याला खेटून काढेल. होशार घराण्याने तसं केलं नाही, आणि त्याचं कारण द्राक्षात नव्हतं, नकाशात होतं.

१९३० साली गास्तों होशार यांनी गझीरमधल्या अठराव्या शतकातल्या एका गढीत वाईन करायला घेतली, तेव्हा ते अवघे २० वर्षांचे होते. देशावर फ्रेंचांचा अंमल होता, सरहद्दी आखून जेमतेम दहा वर्षं झालेली. बेका खोरं उद्या लेबनॉनकडे राहील की सीरियात जाईल, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नव्हतं. द्राक्षं शेजारच्या देशातून विकत आणता येतात, तळघर उचलून आणता येत नाही. असा रोकडा हिशेब करून गास्तोंनी तळघर किनाऱ्याच्या बाजूला ठेवलं. पुढे बेका लेबनॉनमध्येच राहिलं. तोवर वायनरी गझीरला रुजली होती आणि घाट कायमचा वाट्याला आला होता.

बेका हा द्राक्षाचा जुनाच मुलूख. खोऱ्यातल्या बालबेकला रोमन काळातलं, बाकस या मद्यदेवतेचं म्हणून ओळखलं जाणारं भव्य मंदिर आजही उभं आहे, आणि १८५७ साली जेझुइट पाद्र्यांनी याच खोऱ्यात क्सारा इथे आधुनिक पद्धतीची वाईन सुरू केली. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला हेवा वाटावा अशी एक गोष्ट इथे आहे: तोडणीच्या आधीचे महिने कोरडे जातात. हिवाळ्यात डोंगरावर बर्फ पडतं, त्याचं पाणी जमिनीत मुरतं आणि वेली त्यावर उन्हाळा काढतात. आपल्याकडे वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढली जातात आणि आभाळ भरून आलं की अवकाळीच्या धास्तीने शेतकऱ्याची झोप उडते. बेकातला माणूस हंगामात आभाळाकडे पाहतो ते बहुतेक वेळा वेगळ्या कारणासाठी.

तोडणी ऑगस्टमध्ये सुरू होते आणि ऑक्टोबरपर्यंत चालते. तोडणीला पिढ्यान्‌पिढ्या बेदुईन मजूर येतात आणि घड हातानेच काढले जातात. काळ्या द्राक्षांत तीन वाण मुख्य: कॅबर्ने सॉव्हिन्यों, सँसो आणि कारिन्यां. ओबेदे आणि मेरवा ही पांढरी द्राक्षं सगळ्यात शेवटी येतात. हे दोन्ही अस्सल लेबनीज वाण. त्यांच्या वेली आणखी उंचावर, कलम न करता स्वतःच्याच मुळांवर वाढलेल्या, आणि काही तर शंभरी ओलांडलेल्या.

तोडलेला घड थांबत नाही, आणि या घराण्याची सगळी कथा त्या एका गोष्टीभोवती फिरते. ट्रकमधल्या ढिगाच्या तळाशी असलेले मणी वरच्या वजनाने फुटतात. रस सुटतो, सालीवरचं यीस्ट त्या रसाला लागतं आणि ऊन असेल तर ट्रकमध्येच आंबवण सुरू होते. मुझारमध्ये बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. सालीवर जे येतं त्याच्यावरच सिमेंटच्या टाक्यांत रस आंबतो. म्हणजे गझीरला पोचल्यावर ज्याच्या जिवावर वाईन व्हायची, तेच वाटेत ट्रक अडकला तर वैरी होतं.

गास्तोंचे थोरले चिरंजीव सर्ज यांनी फ्रान्समध्ये बोर्दो इथे वाईनशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि १९५९ साली ते तळघरात उतरले. वडिलांना त्यांनी आधीच बजावलं होतं: वाईन माझ्या पद्धतीने होईल आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही. विशेष म्हणजे वडिलांनी ते ऐकलं. धाकटे बंधू रोनाल्ड यांनी १९६२पासून हिशेब आणि विक्री सांभाळली. बहुतेक घरगुती धंदे भावाभावांच्या वाटणीत बुडतात. इथे एकाने टाकी धरली, दुसऱ्याने वही, आणि ते निभावलं.

मग १९७५ साली यादवी युद्ध पेटलं आणि पंधरा वर्षं चाललं. घाटावर आज एका गटाची चौकी, उद्या दुसऱ्याची. १९७६ साली मुझारची वाईन झालीच नाही. त्या युद्धातलं सर्वस्वी वाया गेलेलं वर्ष हेच. बाकी हंगामांत द्राक्षं या ना त्या वाटेने आली. १९८४ साली तर ट्रक दिवसेंदिवस अडकून पडले, लांबच्या वळशाने फिरवावे लागले आणि गझीरला पोचेपर्यंत माल वाटेतच आंबायला लागलेला होता. दुसऱ्या कुणी तो ओतून दिला असता. सर्जनी त्याचीही वाईन केली. ती नेहमीच्या रीतीने बाजारात गेली नाही, पण तो हंगाम त्यांनी सोडला नाही. त्याच वर्षी लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकाने वर्षाचा मानकरी निवडायची प्रथा सुरू केली आणि पहिला मान सर्ज होशार यांना दिला.

मासिकाला हे नाव ठाऊक झालं होतं ते १९७९च्या ब्रिस्टल वाईन मेळ्यामुळे. लेबनॉनमधलं गिऱ्हाईक युद्धाने आटलं, तेव्हा होशारांनी बाटल्या इंग्लंडला नेल्या. क्रिस्टीजच्या लिलावघरातले नामांकित वाईनपारखी मायकल ब्रॉडबेंट यांनी त्या चाखल्या आणि यंदाच्या मेळ्याचा शोध हाच, असं जाहीर केलं. ज्या युद्धाने घरचा बाजार बुडवला, त्यानेच असा परदेशातला बाजार उघडून दिला.

या वाईनचा कारभार मोठा धीराचा. आंबवण झाल्यावर तिन्ही वाण आधी वेगवेगळे ठेवतात. फ्रेंच ओकच्या पिंपांत सुमारे वर्षभर मुरवतात, मग त्यांचं मिश्रण करतात आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बाटल्या भरतात. पुढची चार वर्षं त्या बाटल्या डोंगरात खोदलेल्या तळघरात आडव्या पडून राहतात. लाल मुझार बाजारात येते ती सातव्या वर्षी. कोणत्याही सावकाराला हे गणित पटणार नाही, कारण सात हंगामांचं भांडवल जमिनीखाली अडकलेलं असतं. पण गोळीबाराच्या वर्षांत हाच साठा उपयोगी पडला. यंदा घाट बंद असला तरी विकायला सात वर्षांपूर्वीची वाईन हाताशी होती.

चव मात्र सगळ्यांना मानवणारी नाही. मुझारमध्ये सल्फर अगदी बेताने वापरतात, म्हणून एकाच वर्षाच्या दोन बाटल्या दोन तऱ्हेच्या निघू शकतात आणि काहींत व्हिनेगरकडे झुकणारा उग्र वास येतो. बोर्दोची शिस्त मानणारे पारखी याला सरळ दोष म्हणतात. मुझारचे भक्त त्याच वासासाठी पैसे मोजतात. सर्जना या वादाची मजा वाटे. वाईन जिवंत आहे तर ती रोज एकसारखी का वागावी, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं सोयीचंही होतं, हे मान्य करायला हवं. बिघडलेली बाटली हाती आलेल्या गिऱ्हाइकाला त्यातून पैसे परत मिळत नाहीत. तरीही दर हंगाम एकाच साच्यात बसवण्याचा सोपा मार्ग समोर असताना या घराने तो घेतला नाही, आणि २००६ साली देशात पहिल्यांदा सेंद्रिय प्रमाणपत्र मिळवणारी वायनरीही हीच ठरली.

त्याच २००६च्या जुलैमध्ये इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यात युद्ध जुंपलं. १४ ऑगस्टला शस्त्रसंधी झाली तेव्हा तोडणीचा हंगाम उंबरठ्यावर होता. सर्ज यांचं ३१ डिसेंबर २०१४ रोजी मेक्सिकोत निधन झालं. आता त्यांचे मुलगे गास्तों आणि मार्क, तसंच रोनाल्ड यांचे चिरंजीव राल्फ, हा कारभार पाहतात. आजोबांचं नाव नातवाने घ्यायची रीत तिथेही आहे.

नव्या पिढीला घाटावरच्या चौक्यांइतकाच त्रास पैशाने दिला. २०१९पासून लेबनीज पाउंड कोसळत गेला आणि त्याची नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत गेली. पिंपं आणि बुचं परदेशातून, परकीय चलन मोजून आणावी लागतात. ४ ऑगस्ट २०२०ला बैरूत बंदरात स्फोट झाला, तोही तोडणीच्याच महिन्यात. मग २०२४चा सप्टेंबर उजाडला आणि बेका खोऱ्यावर पुन्हा बाँब पडू लागले. २७ नोव्हेंबरला शस्त्रसंधी लागू झाली तेव्हा खोऱ्यातला हंगाम सरला होता. त्या वर्षी दुकानांत मुझारची २०१७ची लाल वाईन नव्याने आली होती. २०२४ची नेहमीच्या शिरस्त्याने गेली, तर २०३१च्या सुमाराला येईल.