हवापालट

जुन्या काळचे डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर शेवटी एक शब्द लिहीत असत, 'हवापालट'. मीही गेली तीस वर्षे रुग्णांना 'जरा विश्रांती घ्या' असे बजावत आलो. स्वतः मात्र कधी आठ दिवस दवाखाना बंद ठेवला नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. रक्तदाब १७०/१०० निघाला आणि रोजची गोळी मागे लागली. मग जर्मनीत नोकरीला असलेल्या मुलीने हट्टच धरला आणि मे महिन्यात आम्हा उभयतांना ती चार दिवस ग्रीसला घेऊन गेली.

ग्रीस म्हटले की समुद्र आणि बेटे डोळ्यांपुढे येतात. आम्ही गेलो ते वायव्येकडच्या झागोरी या डोंगराळ भागात. पिंडस पर्वतरांगेतील ४६ गावांचा हा मुलूख २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मुक्काम होता मोनोदेंद्री या हजार मीटरहून उंच असलेल्या गावी. हॉटेल कसले, जुना दगडी वाडाच तो! जाड भिंती, दगडी पाट्यांचे छप्पर, लाकडी तक्तपोशी, फरसबंद अंगण. गावच्या चौकात मोठे झाड होते. काश्मिरात ज्याला चिनार म्हणतात तेच हे झाड. वैद्यकशास्त्राचा जनक हिपोक्रेटिस कोस बेटावर अशाच झाडाखाली शिष्यांना शिकवी, अशी आख्यायिका आहे.

गावालगतच विकोसची खोल दरी आहे. तिथल्या वनस्पती गोळा करून औषधे देणारे 'विकोसचे वैद्य' पूर्वी दूरदूरच्या गावी हिंडत. आजही तिथे डोंगरी चहा पितात. एका रानवनस्पतीच्या वाळलेल्या फुलांच्या काड्या पाण्यात उकळायच्या, की झाला चहा. जेवणात पांढऱ्या घेवड्याचे गाजर-टोमॅटो घातलेले सूप, रानभाज्यांचे सारण भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ आणि ऑलिव्हचे तेल. दुपारी सारे गाव चिडीचूप! ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५॥ ही शांततेची वेळ नियमानेच ठरलेली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका पाहणीत २३ हजारांहून अधिक निरोगी माणसांचा अभ्यास झाला. नियमित वामकुक्षी घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. अर्थात, एवढ्यावरून झोप हेच औषध असे सिद्ध होत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी रक्तदाब मोजला, तर १३०/८४! झोप गाढ, डोके हलके. मनात म्हटले, डोंगराने काम केले. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी गोळी घेतलीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी पायवाटेने दरीत उतरलो. उतरताना काही वाटले नाही, पण परत चढताना डोके ठणकू लागले, छाती धडधडू लागली. सौ.ने सावलीत बसवले, पाणी पाजले. हळूहळू वर आलो. थोड्या विश्रांतीनंतर मोजले, तर १६८/१०२. बॅगेतली गोळ्यांची पट्टी हातात धरून सौ. म्हणाली, "हेच एखाद्या पेशंटने केलं असतं, तर तुम्ही काय बोलला असता?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. शिवाय तीन दिवस जेवणात फेटा चीज आणि ऑलिव्ह भरपूर खाल्ली होती. दोन्ही मिठाच्या पाण्यात मुरवलेली, म्हणजे आपल्या लोणच्या-पापडाचीच भावंडे!

म्हणून वाचकहो, थंड हवेच्या ठिकाणी जाल तेव्हा एवढे जरूर पाळा. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी सुट्टीतही चुकवू नका. बरे वाटते ते गोळीमुळेही असते. नेहमीच्या हिशेबापेक्षा चार दिवसांची औषधे जास्त घ्या आणि चिठ्ठीही जवळ ठेवा. दरीत उतरण्यापूर्वी परतीच्या चढाचा विचार करा. चढताना छातीत दुखले, दडपण आले किंवा दम कोंडला, तर तिथेच थांबा आणि बसूनही ते गेले नाही, तर ताबडतोब मदत मागा.

हवापालट हवीच, पण ती औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे. आणि त्यासाठी ग्रीसच गाठायला हवे असेही नाही. वेळेवर झोप, रोजचे चालणे, दुपारची अर्धा तास शांतता आपल्या गावातही मिळू शकते. माझ्या दवाखान्यावर आता नवी पाटी आहे : 'दुपारी २ ते ४ बंद.' तातडीचा रुग्ण असेल, तर मात्र दार जरूर वाजवा.