जुहूचें बेट व तेथील विमानतळ

१. सनदा, महजर व करीने यांत रमणाऱ्या वाचकांस विमानतळाचा इतिहास हा विषय फारच अलीकडचा, म्हणून ह्या पृष्ठांस अनुचित, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गोष्टीस नव्वदांहून अधिक वर्षें लोटलीं व जिचे अस्सल कागद घरोघर विखरून पडले आहेत, ती गोष्ट इतिहासाच्या कक्षेंत आलीच म्हणावयाची. शिवाय हा विषय हातीं घेण्यास आम्हांस एक निकटचें कारण आहे. आम्ही राहतों तें चिखले गांव डहाणूच्या उत्तरेस समुद्रकांठीं वसलेलें आहे. आमच्याच तालुक्यांतील वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें झाली, आणि त्या बंदरानजीक समुद्रांत भर घालून कृत्रिम बेटावर विमानतळ उभारण्याचा मनोदय राज्यशासनानें बोलून दाखविला आहे. बेट आणि विमानतळ यांची सांगड उत्तर कोंकणास नवी नाहीं. ती जुहू येथें एकदां पडून गेली आहे. आणि ती पडत असतां जें नाहींसें झालें, त्याची नोंद फारच थोडी राहिली.

२. प्रथम नांवाचा विचार करूं. 'द्वीप' हा शब्द वैयाकरण 'द्वि' व 'अप्' ह्या दोन पदांपासून साधतात. ज्याच्या दोहों बाजूंस पाणी तें द्वीप. चोहोंकडे पाणी असलेंच पाहिजे, असा आग्रह ह्या व्युत्पत्तींत नाहीं. जुहूस हें वर्णन नेमकें लागू पडतें. एकोणिसाव्या शतकांत जुहू म्हणजे साष्टीच्या पश्चिमेस पसरलेला, भरतीच्या पाण्याहून थोडकाच उंच असा वाळूचा लांबट, अरुंद दांडा होता. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस खाडी. ओहोटीच्या वेळीं खाडींतून पायीं उतरून जातां येई. उत्तर टोंकास भंडारी, आगरी व कुणबी यांची वस्ती होती, दक्षिणेस कोळीवाडा होता. पोर्तुगीज ह्या स्थळास 'जुवें' म्हणत. कोंकणींत 'जुंवो' अथवा 'जुवें' म्हणजे बेट. गोव्यांतील सांत इस्तेव बेटास आजही जुवें हें नांव आहे. तेव्हां 'जुहू' हें मूळचें विशेषनाम नसून सामान्यनाम असावें, असें आमचें मत आहे. मधली खाडी बुजून बेट साष्टीस मिळालें. तें बेट होतें ही साक्ष देण्यास नांव तेवढें उरलें.

३. आतां तळाकडे वळूं. मुलकी विमानांचा हिंदुस्थानांतील पहिला तळ म्हणून जुहूची गणना होते. १९२८ सालीं तो सुरू झाला, तेव्हां 'विमानतळ' ह्या शब्दानें आज जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें त्यांतलें कांहींच तेथें नव्हतें. खाजणवट सपाट जमीन होती, आणि तीही कच्ची. मुंबईचा फ्लाइंग क्लब त्याच सालचा. त्या क्लबांत शिकलेले जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांस १० फेब्रुवारी १९२९ रोजीं वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिला गेलेला तो पहिला परवाना होय. पुढें नेव्हिल व्हिंटसेंट ह्या वैमानिकाच्या योजनेवरून टाटांनीं कराची ते मद्रास हवाई टपाल नेण्याचें काम पत्करिलें. त्या कामाचा जुहू येथील सरंजाम म्हणजे दोन लहान विमानें, तीन वैमानिक, मोजके कारागीर आणि झावळ्यांनीं शाकारलेली एक खोप. बिनतारी यंत्र नाहीं, दिवे नाहींत, वाट दाखविणारी खूण नाहीं. किनाऱ्याची रेघ, नद्यांचीं मुखें व लोहमार्ग ओळखीत वैमानिकानें आपला मार्ग काढावयाचा.

४. ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं टाटा कराचीच्या ड्रिग रोड तळावरून 'पस मॉथ' जातीच्या एका इंजिनाच्या विमानांत एकटेच निघाले. बरोबर सुमारें पंचावन्न पौंड टपाल होतें. विलायतेहून इंपीरियल एअरवेजच्या विमानानें कराचीपर्यंत आलेलें तें टपाल. वाटेंत अहमदाबादेस विमान उतरलें. तेथें इंधनाचे डबे बैलगाडींतून आणिले गेले, ही गोष्ट दोन युगांची सांधेजोड म्हणून ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दुपारीं दोनच्या आंत विमान जुहूस टेकलें. तेथून व्हिंटसेंट यांनीं टपाल बळ्ळारीमार्गें नेऊन दुसऱ्या दिवशीं मद्रासेस पोंचविलें. पहिल्या वर्षांत ह्या सेवेनें १,६०,००० मैल मजल मारिली, १५५ उतारू नेले आणि सुमारें दहा टन टपाल वाहिलें.

५. परंतु समुद्रानें आपला हक्क सोडिला नव्हता. पावसाळ्यांत जुहूचें मैदान भरतीच्या पाण्याखालीं जाई. तेव्हां दरवर्षीं विमानें, माणसें व हत्यारें ह्यांसह सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे, आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारील मैदान हा तेवढ्यापुरता तळ होई. चातुर्मासांत छावणीस जाणाऱ्या मराठी फौजांची ज्यांस ओळख आहे, त्यांस ह्या व्यवस्थेचें नवल वाटूं नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पूर्वेस कोसभरावर सांताक्रूझचा मोठा तळ तयार झाला, आणि १९४८ च्या सुमारास प्रवासी विमानें तिकडे गेलीं. दोन्ही ठिकाणच्या धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेस असल्यामुळें क्वचित् भ्रमही झाला. १९५३ सालीं एक परदेशी कॉमेट विमान आणि १९७२ सालीं एक जपानी विमान सांताक्रूझ समजून जुहूस उतरलें; दुसरें तर धावपट्टी ओलांडून पुढें गेलें व पुन्हां उडालें नाहीं. आज जुहूच्या मुख्य धावपट्टीची लांबी १,१४३ मीटर असून तळाचा उपयोग मुख्यत्वें हेलिकॉप्टरांस होतो. भर समुद्रांतील तेलविहिरींवर माणसें नेण्याआणण्याचें काम येथूनच चालतें.

६. ह्या इतिहासाचीं साधनें कोणतीं? पहिलें साधन म्हणजे टपालाचीं पाकिटें. त्यांची परीक्षा मोडी कागदाप्रमाणेंच करावी. 'विमानानें' एवढी चिठ्ठी डकविलेली असणें हा पुरावा नव्हे; ती कोणीही डकवूं शकतो. निघाल्या ठाण्याचा शिक्का पुढील अंगास व पोंचल्या ठाण्याचा बहुधा मागील अंगास असतो. ह्या दोहोंच्या तारखा जुळल्या, तरच पाकीट त्या उड्डाणाचें मानावें. म्हणूनच तिकीट भिजवून काढून घेणें व पाकीट रद्दींत टाकणें, ही जी चाल संग्राहकांत फार दिवस होती, ती म्हणजे मुद्रा ठेवून सनद जाळण्यासारखी आहे. दुसरें साधन वैमानिकांच्या व कारागिरांच्या नोंदवह्या. तिसरें, जुहूच्या जुन्या रहिवाशांकडील जमिनीचे दाखले व मोजणीचे नकाशे. खाडी कोठें होती, उतार कोठें होता, हें ह्या तिसऱ्या वर्गांतूनच सिद्ध होईल.

७. आतां आमच्या किनाऱ्याविषयीं. वाढवण बंदरासाठीं १,४४८ हेक्टर भराव व १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटरोधक बांध योजिला आहे. असा उद्योग करावा कीं करूं नये, हा वाद ह्या पृष्ठांवर आणण्याचा आमचा हेतु नाहीं. समुद्रांत भर घालून केलेल्या तळासही पाण्याची आठवण ठेवावी लागते, हें जपानांतील कान्साई येथें दिसून आलेंच आहे. १९९४ सालीं सुरू झालेला तो तळ २०१८ च्या वादळांत पाण्याखालीं गेला. आमचें सांगणें एवढेंच, कीं भराव पडण्यापूर्वीं नोंद व्हावी. उधाणाची भरती कोठवर येते, भांगाची कोठवर. ओहोटीला कोणते खडक उघडे पडतात आणि मांगेल्या-मच्छीमारांच्या तोंडीं त्यांस काय नांवें आहेत. कोणत्या वाटेनें होड्या आंत येतात, हें सारें आज वृद्धांच्या मुखीं आहे, कागदावर नाहीं. जुहूच्या बाबतींत हें काम वेळेवर झालें नाहीं, म्हणून आज आम्हांस एका नांवाच्या व्युत्पत्तीवरून बेट शोधावें लागतें. येथें बेट व्हावयाचें आहे. त्याखालीं जें जाईल तें आधीं लिहून ठेवणें आपल्या हातीं आहे. ज्या वाचकांपाशीं जुहूचीं पाकिटें वा नकाशे असतील, अथवा ह्या किनाऱ्यावरील खडकांचीं नांवें ज्यांनीं टिपून ठेविलीं असतील, त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाच्या दप्तरीं अवश्य पाठवाव्या.

चिखले, ता. डहाणू