उन्हाळ्यातला भ्रम आणि वयाचा विसर

मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा प्रशासनाने उन्हामुळे जिल्ह्यात कलम 144 लागू केले. अकोला-अमरावतीकडे अशा दिवसांत घरातले ज्येष्ठ अचानक भलतेच बोलू लागले, की ‘बाबाले आता वयानं काही समजत नाही’ म्हणून विषय मिटवला जातो. तो मिटवू नये.

स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, सहसा रातोरात येत नाही. मेंदूच्या पेशी वर्षानुवर्षे झिजतात. आधी कालच्या गोष्टी विसरतात, पुढे हिशेब चुकतो, मग ओळखीची वाटही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना तो आहे. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आहे.

काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उद्भवलेला गोंधळ मात्र बहुधा डेलिरियम असतो. सकाळी नीट बोलणारा माणूस संध्याकाळी अंगावरचे कपडे ओढतो, समोर नसलेल्यांशी बोलतो. कुणी नुसतेच गुंगीत पडून राहते. हा प्रकार हमखास नजरेतून सुटतो.

उतारवयात तहान कमी जाणवते आणि मूत्रपिंडांना पाणी राखणे जमेनासे होते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असते आणि रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी टाळले जाते. शरीरातले पाणी-सोडियमचे गणित बिघडले की मेंदूचे काम ढासळते. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा सर्दीवरच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्याही हेच करतात. मूळ कारणावर वेळीच उपचार झाले तर बहुतेक जण सावरतात. दुर्लक्ष झाले तर जीवावर बेतू शकते. शिवाय अशा झटक्यानंतर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो.

घरी एक पडताळा घेता येतो: आठवड्याचे वार रविवारपासून उलटे म्हणायला सांगा. त्याला अक्षरओळख लागत नाही. डेलिरियममध्ये लक्ष टिकत नाही, माणूस दोन-तीन वारांतच भरकटतो. हे निदान नव्हे, इशारा आहे. अंग तापलेले आणि बोलणे असंबद्ध असेल तर उष्माघात समजा: सावलीत न्या, अंग ओल्या कापडाने पुसा, वारा घाला, लगेच रुग्णालय गाठा. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पाकिटे दाखवा आणि गोंधळ नेमका कधी सुरू झाला ते सांगा. ‘परवापर्यंत बाजाराचा हिशेब स्वतः करत होते’ ही माहिती कोणत्याही स्कॅनमध्ये सापडत नाही.