वाफ नेमकी कुठं अडते?

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. या स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतलं. आपल्या ॲम्बॅसडरनं वर्षानुवर्षं वाहिलेलं १४८९ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, त्यामुळे ही गाडी आपल्याकडच्या जुन्या मिस्तरींना फारशी परकी वाटू नये. जगभरच्या एमजीबी मालकांची एक तक्रार मात्र ठरलेली असते. उन्हात गाडी छान पळते, दहा-पंधरा मिनिटं थांबते आणि मग सुरू व्हायचं नाव घेत नाही. किंवा वाहतुकीत रांगत असताना आचके देते आणि बंद पडते. निदानही ठरलेलं असतं, ‘व्हेपर लॉक’ म्हणजे वाफेनं पेट्रोलची वाट अडणं, आणि शिक्षा होते कार्ब्युरेटरला. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. बहुतेक वेळा दोष उष्णतेच्या आणि वाफेच्या वाटांमध्ये असतो. त्या वाटा तपासण्याआधी केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला दगड.

आधी आरोपीची ओळख करून घेऊ. एसयू कार्ब्युरेटरची मूळ कल्पना जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांची, १९०४-०५ सालची. ‘स्किनर युनियन’ या नावातूनच एसयू ही अक्षरं आली. इतर अनेक कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट ठरावीक मापाची असते आणि वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे जेट द्यावे लागतात. एसयूत जेट एकच. इंजिनाची ओढ वाढली की घंटेसारख्या कक्षातला पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट रुंदावते. पिस्टनच्या तळाशी असलेली निमुळती सुईही त्याच्याबरोबर वर सरकते आणि जेटमधून पेट्रोलला तितकीच जास्त जागा मोकळी होते. इंजिन मागेल तेवढं देणारं, हलते भाग मोजकेच असलेलं हे यंत्र आजही मला अभियांत्रिकीतल्या सर्वांत देखण्या उत्तरांपैकी एक वाटतं. बहुतेक एमजीबींत अशी दोन यंत्रं शेजारीशेजारी बसवलेली असतात.

अडचण ती कुठं बसवली आहेत यात आहे. या इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी तोंडं एकाच बाजूला आहेत, त्यामुळे कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या बिडाच्या नळकांड्याच्या वर येतात. गाडी पळत असते तोवर वारा आणि आत येणारं थंड पेट्रोल त्यांना सांभाळून घेतात. इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि तापलेल्या बिडातली सगळी धग वर चढू लागते. म्हणूनच त्रास चालताना कमी आणि थांबल्यावर जास्त होतो. त्यातून पेट्रोलला पाण्यासारखा एकच उत्कलनबिंदू नसतो. त्यातले हलके घटक साधारण ३५ अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, जड घटक २०० अंशांच्या आसपास. बॉनेटखाली कोंडलेल्या उष्णतेला हलक्या घटकांची वाफ करायला फार वेळ लागत नाही.

पण वाफ झाली म्हणजे व्हेपर लॉक झालं असं नाही. खरं व्हेपर लॉक पंपाच्या ओढीच्या बाजूला होतं. प्रीमियर पद्मिनीत पंप इंजिनालाच जोडलेला असे आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणत असे. ओढलेल्या पेट्रोलवरचा दाब कमी, त्यात पंप तापलेला, म्हणून घाट चढताना ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकत, आणि तो उपाय शास्त्राला धरून होता. एमजीबीचा विजेवर चालणारा पंप मागच्या चाकाजवळ, इंजिनापासून दूर असतो आणि पेट्रोल पुढं ढकलतो. तिथं फडकं टाकून काहीच साधणार नाही. एमजीबीत बहुधा कार्ब्युरेटरला लागून पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या कक्षातलं पेट्रोल उकळतं आणि जेटमधून उतू जातं. म्हणजे इंजिन उपाशी नसतं, त्याला अजीर्ण झालेलं असतं. अशा वेळी चोक ओढणं म्हणजे अजीर्णावर जेवण. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला की जादा वाफ हवेबरोबर निघून जाते.

दोन्हींतला फरक ओळखायला उपकरण लागत नाही, कान पुरतो. किल्ली फिरवल्यावर पंप काही वेळ टिकटिक करून थांबला, तर फ्लोटचे कक्ष भरलेले आहेत. टिकटिक घाईघाईनं चालूच राहिली, तर पंपाला पेट्रोलऐवजी हवा किंवा वाफ मिळते आहे. पंप व्यवस्थित थांबतो आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी मुकी, तर संशय प्रज्वलनाकडे वळवावा. तापल्यावर दगा देणारा आणि गार झाल्यावर पुन्हा शहाणा होणारा डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर हुबेहूब व्हेपर लॉकचं सोंग घेतो. त्याची ठिणगी न तपासता कितीतरी निर्दोष कार्ब्युरेटर खोलले गेले असतील.

अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत आणखी एक वाट वाढली. लॉस एंजेलिसचं धुरकं इंधनाच्या वाफा आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगातून बनतं हे रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं होतं. पुढं कायदे आले, आणि १९७० पासून आधी कॅलिफोर्नियाच्या व मग साऱ्या अमेरिकेच्या एमजीबींत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात साठवून इंजिनाला परत पाजायची सोय झाली. डब्याची किंवा नळ्यांची वाट तुंबली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप पेट्रोल ओढू शकत नाही. टाकीचं झाकण उघडताना हवा सुस्कारा टाकून आत शिरली आणि गाडी लगेच सुधारली, तर निदान झालंच. यावर ‘डबा काढूनच टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मान्य नाही. नळ्या साफ केल्या, जुना कोळसा बदलला तर ही व्यवस्था इंजिनाला काहीच अडवत नाही. ती काढली की पेट्रोलचा वास गॅरेजमध्ये आणि वाफ हवेत जाते.

आता इथेनॉलचा आक्षेप. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत पोचलं, आणि जुन्या गाड्यांची प्रत्येक खोड त्याच्या माथी मारली जाते. यात तथ्य आहे, पण अर्धंच. थोडं इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो हे खरं. मात्र ती वाढ ५ ते १० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते, २० टक्क्यांना उलट किंचित उतरते. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल मानवत नाही, त्या बदलायलाच हव्यात. शिवाय एक भाग शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे जुन्या जुळणीवर इंजिनाला कमी इंधन पोचतं. पण इथंच एसयू उपयोगी पडतो. जेटखालचा नट थोडा फिरवून जेट खाली घेतला की मिश्रण दाट होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर सुई बदलता येते. पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहावा: वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर जुळणी बरोबर, वाढलेलाच राहिला तर मिश्रण दाट, इंजिन मरू लागलं तर पातळ.

उरला सर्वांत मोठा आक्षेप: हे सगळं करण्यापेक्षा वेबर कार्ब्युरेटर बसवा किंवा सरळ फ्युएल इंजेक्शन. वेबर त्याच बाजूला, त्याच एक्झॉस्टवर बसतो आणि तीच धग खातो. इंजेक्शनचं म्हणणं मात्र खोडून काढता येत नाही. नळीत दाब जास्त असला की पेट्रोल सहज उकळत नाही आणि जादा पेट्रोल टाकीकडे फिरत राहून नळी गार ठेवतं. १९९० च्या दशकात एमजीबीवरूनच घडवलेल्या एमजी आरव्ही८ ला इंजेक्शनच होतं. ज्याला गाडी रोज कामावर न्यायची आहे त्यानं तो मार्ग जरूर घ्यावा. ज्याला एमजीबी एमजीबीच ठेवायची आहे त्यानं आधी कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांच्यामधला उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का ते पाहावं. त्याचं उष्णतारोधक अस्तर शाबूत आहे का, आणि कार्ब्युरेटरमागचे जाड बॅकेलाइटचे ठोकळे कुणी ‘नको असलेला भाग’ म्हणून काढून तर टाकले नाहीत ना, हेही.