इतिहासाचा पहिला धडा : एक जून

महाराष्ट्रात कित्येक दशके चौथीच्या वर्गातील इतिहास म्हणजे शिवचरित्र, असे समीकरण राहिले आहे. ते योग्यही आहे. नऊ वर्षांच्या मुलाला पराक्रमाची आणि निष्ठेची ओढ असते. सिद्धान्तांपेक्षा माणसांच्या गोष्टी त्याला लवकर उमजतात. परंतु वर्गात रंगलेली ही गोष्ट परीक्षेच्या दिवशी गाळलेल्या जागांपुरती उरते. जन्मस्थानाच्या रिकाम्या जागेत ‘शिवनेरी’ हा शब्द भरला, की गुण मिळतो आणि इतिहास संपतो. हे आपल्याला कशावरून कळले, हा प्रश्न मुलाच्या मनात उमटण्यापूर्वीच पुढचा धडा सुरू झालेला असतो. प्राथमिक शाळेत इतिहासाची उत्तरे शिकविली जातात, पुरावे शिकविले जात नाहीत, हे या विषयाचे मूळ दुखणे आहे.

त्याला जोडूनच काळाचा प्रश्न येतो. लहान मुलाच्या लेखी ‘सुमारे चारशे वर्षांपूर्वी’ आणि ‘फार फार वर्षांपूर्वी’ यांत फरक नसतो. सम्राट अशोक, शिवाजी महाराज आणि स्वतःचे पणजोबा त्याला एकाच रांगेत उभे दिसतात. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर शिवजन्मापासून आजपर्यंत जेमतेम सोळा पिढ्या होतात. वर्गात सोळा मुले हात धरून उभी केली, तरी हे अंतर डोळ्यांना दिसते. सनावळी पाठ करण्यापेक्षा असे मोजमाप अधिक टिकते.

पुरावा म्हणजे काय, हे समजावण्यास खुद्द शिवजन्माच्या तिथीइतके उत्तम उदाहरण नाही. पूर्वी बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७ हे जन्मवर्ष रूढ होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. शिवकालात स्वराज्याच्या कामी आलेल्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेल्या या टिपणात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी निघाली. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही शके १५५१ हेच वर्ष आहे. वाद पुढे अनेक वर्षे चालला. अखेर २००१ साली राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका घरातील जुन्या कागदाने एवढ्या मोठ्या पुरुषाच्या जन्माचे वर्ष बदलले आणि त्याच्या मोठेपणाला तसूभरही बाध आला नाही, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी नव्हे काय?

हे मुलांना झेपणार नाही, असा आक्षेप येईल. झेपते, कारण त्याच प्रकारचा पेच त्यांच्या घरात असतो. महाराष्ट्रातील असंख्य वृद्धांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसे आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून टाकत. शाळेच्या जनरल रजिस्टरात आजोबांचा जन्म १ जूनचा. घरी मात्र पणजीने सांगून ठेवलेले की, पोर झाले तेव्हा दिवाळी तोंडावर होती. मग खरे काय? नोंद कोणी केली, केव्हा केली, तिला स्वतःला माहिती होती की ऐकीव, हे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात. इतिहास संशोधकही जुन्या कागदाला हेच विचारतो. त्यासाठी खर्चिक साहित्य लागत नाही. गावातील वीरगळ, बारवेवरचा शिलालेख आणि शाळेचे जुने रजिस्टर एवढे पुरते.

शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. जोडवर्ग, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे यांतून वाट काढणाऱ्या शिक्षकाला अभ्यासक्रम संपविण्याची घाई असते. म्हणून बदल प्रश्नपत्रिकेपासून व्हावा. दहा गाळलेल्या जागांऐवजी ‘हे कशावरून सांगता?’ असा एक जरी प्रश्न विचारला गेला, तरी शिकविण्याची दिशा बदलेल.

हा केवळ अध्यापनपद्धतीचा प्रश्न नाही. वि. का. राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून, खेड्याखेड्यांतून दप्तरे गोळा करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, ती कागदाचे मोल जाणल्यामुळे. त्याच पुण्यात ५ जानेवारी २००४ रोजी महाराजांच्या नावाचा अभिमान सांगणाऱ्या जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील ग्रंथ व पोथ्यांची नासधूस केली. एखाद्या ग्रंथातील मजकुराबद्दल संताप येणे समजू शकते. परंतु पुराव्याला उत्तर पुराव्याने द्यायचे असते आणि पुरावाच फाडला तर उत्तर देण्याचे साधनही हातून जाते, ही जाण प्रौढपणी अचानक येत नाही. शिवचरित्राचा अभिमान चौथीत रुजतो. ते चरित्र ज्या कागदांवर उभे आहे, त्यांच्याविषयीचा आदरही त्याच वर्गात रुजला पाहिजे.