किडनी बदललेल्या माणसाला गाठ आली तर

किडनी बसवलेल्या माणसाला ताप, मानेत गाठ, वजनात घट दिसली की सगळे 'टीबी' म्हणून मोकळे होतात. असेलही, आपल्याकडे तो पुष्कळ. तरी आम्ही म्हणतो, आधी गाठीचा तुकडा तपासायला लावा. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. मग बहुतेकांच्या अंगात निपचित असलेला एपस्टाइन-बार विषाणू उठतो, रक्तातल्या बी-पेशी बेसुमार वाढतात. हा पीटीएलडी. विरळा, पण जीवघेणा. पहिल्या वर्षी धोका जास्त, मुलांना अधिकच. अंदाजाने टीबीचं रिफाम्पिसिन सुरू केलं तर टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण घसरतं आणि किडनीच धोक्यात येते. पीटीएलडीत बहुधा आधी त्याच गोळ्या कमी करतात, पण ते डॉक्टरांनी. आपल्या मनाने एकही सोडायची नाही. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी किडनी बदलल्याचं पहिलं सांगा.